ग्रीनखालची गादी: वरच्या थरात साठलेला सेंद्रिय पदार्थ ओळखायचा कसा आणि आवरायचा कसा

शेतीतलं कोणी भेटलं की बोलणं हमखास सेंद्रिय कर्बावर येतं. तो वाढवायचा कसा, शेणखत किती घालायचं, पाचट जाळायचं की कुजवायचं. माझं काम नेमकं उलटं आहे. मी गोल्फची ग्रीन्स, म्हणजे होलभोवतालचे अगदी आखूड कापलेल्या गवताचे पट्टे, सांभाळते आणि वर्षातला निम्मा वेळ जमिनीतला सेंद्रिय पदार्थ वाढू नये म्हणून घालवते. शेतात ज्याला सोनं म्हणतात, ते ग्रीनच्या वरच्या दोन सेंटिमीटरमध्ये साठलं की सगळ्या तक्रारी तिथूनच उगवतात. चेंडू पडला की खड्डा पडतो, बुटांचे ठसे उमटून राहतात, पाऊस थांबून तास झाला तरी पाय ठेवला की पाणी वर येतं.

ज्यांच्याकडे ग्रीन सांभाळायची जबाबदारी नव्याने आली आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी यातलं बरंचसं एक ग्रीन बिघडवून शिकले, त्यामुळे तेही सांगते.

ग्रीनचं गवत मातीत नाही, वाळूत उगवतं. अमेरिकेतल्या यूएसजीए या गोल्फ संघटनेने १९६० मध्ये ग्रीन बांधण्याची पद्धत छापली. तिच्यात मुळांसाठी साधारण ३० सेंटिमीटर वाळूचा थर आणि त्याखाली १० सेंटिमीटर खडी असते. आज जगभर असंख्य ग्रीन्स याच किंवा याच्या जवळपासच्या रचनेची आहेत. वाळू घेण्याचं कारण साधं आहे. रोज माणसं आणि मोअर (गवत कापायचं यंत्र) फिरूनही ती दाबून घट्ट होत नाही. कणांमधल्या मोठ्या पोकळ्यांतून पाणी खाली उतरतं आणि त्याच्या मागोमाग हवा आत येते. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, तो इथे बांधकामातच घातलेला असतो.

मग गवत त्याच पोकळ्या स्वतःच्या अवशेषांनी बुजवायला लागतं. बेंटग्रास असो की अगदी आखूड कापता येणारं बर्म्युडा, दोन्ही जमिनीलगत धावणारे फुटवे टाकत पसरतात. त्या फुटव्यांची पेरं, बुडखे, जुनी मुळं यांत लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा पदार्थ, असतं, आणि लिग्निन पचवणं सूक्ष्मजीवांना जड जातं. नवीन फुटवे येत राहतात, जुने पूर्ण कुजलेले नसतात, आणि थर चढत जातो. कापलेल्या पानांवर मात्र उगाच आळ येतो. पान म्हणजे बहुतांशी पाणी, ते चटकन कुजतं. साठतं ते बुडाशी.

दोन शब्द इथेच वेगळे करून ठेवते, कारण कामाच्या जागी त्यांची सरमिसळ होते. नुसत्या काड्या-मुळांचा, वाळू नसलेला लवचिक थर म्हणजे थॅच. त्याच थरात वाळू मिसळत गेली की होतं मॅट. मॅट बोटांत चोळलं की किरकिरतं, थॅच स्पंजासारखा दबून परत फुगतो. आपल्याला मॅट हवंय. गवताच्या बुडख्याला थोडी गादी लागतेच, नाहीतर पावलांखाली तो उघडा पडतो आणि चेंडू दगडावर आपटल्यासारखा उडतो. म्हणून थर शून्यावर आणायच्या नादाला लागू नका. त्यात वाळू मिसळलेली राहील एवढंच आपलं काम.

सातवं ग्रीन

त्या वर्षी माझी सगळी ग्रीन्स बघत राहावी अशी होती. दाट, गर्द हिरवी. मी नत्र सढळ हाताने दिलं होतं आणि हंगामभर वाळू जवळजवळ टाकलीच नव्हती. वाळू टाकली की मोअरची पाती बोथट होतात, खेळणारे कुरकुरतात, आणि ग्रीन तर छानच दिसतंय, मग कशाला, असा माझा हिशेब. पुढे आठवडाभर पावसाची झड लागली. उघडीप मिळाल्यावर मोअर घातला तर सातव्या ग्रीनच्या सखल कोपऱ्यात तो गादीत रुतल्यासारखा चालला आणि मागे तपकिरी बोडकं सोडत गेला. कापण्याची उंची तीच होती. मोअर खाली बसत होता.

मशीनवर माझ्याकडचे सगळ्यात जुने काका होते. त्यांनी मोअर थांबवला, खाली बसून तळवा दाबला आणि म्हणाले, "ताई, ओलं सगळं वरवरच आहे. खाली काही उतरलेलंच नाही."

कप कटर, म्हणजे होल पाडायचं हत्यार, आणून आम्ही जमिनीचा ठोकळा काढला. वरचे अडीच सेंटिमीटर मुठीत धरून पिळले तर धार लागली. त्याखालची वाळू जेमतेम दमट होती. दोन्हींच्या मध्ये बोटाच्या पेराएवढा काळा पट्टा होता आणि त्याला सडक्या अंड्यांचा वास येत होता. हवा न पोचल्यामुळे तिथल्या जिवाणूंनी हायड्रोजन सल्फाइड तयार केलं होतं. काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा. मुळं त्या पट्ट्यापर्यंत येऊन आडवी वळली होती, एखाद्या कुंडीच्या तळाशी वळतात तशी. वरून हे ग्रीन कुठल्याही छायाचित्रात छान दिसलं असतं.

ठोकळा वाचायचा

होलची जागा बदलताना कप कटर १०८ मिलिमीटर व्यासाचा ठोकळा काढतो. तो जुन्या भोकात बसवायच्या आधी माणसाच्या हातात मिनिटभर असतो. एवढी माहिती फुकटात देणारं दुसरं काही ग्रीनवर नाही, आणि बहुतेक ठिकाणी तो ठोकळा कोणी बघतच नाही. माझ्याकडे आता नियम आहे: होल बदलणाऱ्याच्या खिशात पट्टी असलीच पाहिजे.

बघायचं काय? आधी बाजूने रंग. एकसारखा करडा-तपकिरी उतरत गेलेला असेल तर ठीक. झाडाच्या खोडातल्या वर्षकड्यांसारखे पट्टे दिसत असतील तर तुमच्या वाळू टाकण्यात कुठे कुठे खंड पडला ते वाचता येईल. गडद पट्टा म्हणजे वाळूविना गेलेला काळ, फिकट पट्टा म्हणजे एकदम ओतलेली वाळू. दोन्ही वाईट, कारण वेगळ्या पोताचे थर एकावर एक आले की पाणी त्यांच्या सीमेवर अडतं. मग वरचा थर चिमटीत घेऊन पिळायचा. मग वास. मग मुळं कुठपर्यंत जातात आणि कुठे वळतात. शेवटी पट्टीने नुसत्या थॅचची जाडी, मॅट सोडून. ती १२ मिलिमीटरच्या वर गेली की मी बाकीची कामं बाजूला ठेवते.

त्याच ग्रीनचा उंचवटा, मधला भाग आणि सखल भाग असे तीन ठोकळे बघा. सातव्या ग्रीनचा उंचवटा तेव्हाही ठणठणीत होता, आणि मी रोज तोच बघत होते.

मग मोजायचं

ठोकळ्यावरून अंदाज येतो, आकडा येत नाही. आकडा प्रयोगशाळेतून येतो. नमुना वाळवून त्याचं वजन करतात, मग भट्टीत जाळतात आणि जेवढं वजन घटलं तेवढा सेंद्रिय पदार्थ धरतात. पद्धत सोपी आहे, पण आकडे एकमेकांशी लावताना माणसं फसतात. एक प्रयोगशाळा ३६० अंश सेल्सिअसला जाळते, दुसरी ४४० ला. एक वरचं हिरवं गवत कापून टाकते, दुसरी ठेवते. एकीकडे वरच्या १० सेंटिमीटरचा नमुना जातो, दुसरीकडे वरच्या दोनचा. सगळ्यांचे टक्के वेगळे येतात आणि सगळे आपापल्या जागी बरोबर असतात.

जॉर्जिया विद्यापीठाचे रॉबर्ट कॅरो यांनी बेंटग्रासच्या ग्रीन्ससाठी वरच्या पाचेक सेंटिमीटरमध्ये वजनाने ३ ते ४ टक्क्यांची मर्यादा सांगितली होती. त्यापुढे हवेच्या मोठ्या पोकळ्या झपाट्याने बुजतात, हे त्यांचं म्हणणं. तो आकडा वर्षानुवर्षं सगळीकडे भिंतीवर लिहिल्यासारखा पाठ केला गेला. मला जास्त उपयोगी पडते ती गवतशास्त्रज्ञ मायका वूड्स यांची पद्धत. नमुन्याचे ० ते २, २ ते ४ आणि ४ ते ६ सेंटिमीटर असे तीन तुकडे करायचे, वरचं हिरवं काही काढायचं नाही, सगळं जाळायचं. वरच्या तुकड्याचा आकडा यात मोठाच येतो, त्याने घाबरू नका आणि तो कॅरोंच्या ३-४ टक्क्यांशी लावूही नका. तो तुमच्याच गेल्या वर्षीच्या आकड्याशी लावायचा. म्हणून प्रयोगशाळा एकच, महिना एकच, खोली एकच. मी दर ग्रीनवरून दोन सेंटिमीटर व्यासाच्या नळीने दहा-बारा नमुने घेते आणि प्रत्येक खोलीचे तुकडे एकत्र करून पाठवते.

आधी छप्पर शाकारा

घर गळत असेल तर आधी छप्पर शाकारतात, मग फरशी पुसतात. थर कमी करायला भोकं पाडण्याआधी तो इतक्या वेगाने का वाढतोय ते बघा. उत्तर बहुतेक वेळा नत्राच्या पोत्यात असतं.

गवत किती वाढतंय हे डोळ्यांना कळत नाही, बादलीला कळतं. ग्रीन कापून झालं की मोअरच्या टोपलीतलं गवत बादलीत हलकेच सपाट करून किती लिटर भरतं ते लिहून ठेवायचं. ५०० चौरस मीटरच्या ग्रीनवरून १० लिटर निघालं तर चौरस मीटरला २० मिलिलिटर. हा आकडा रोज लिहायला एक मिनिट लागतं. मी सुरू केलं तेव्हा कळलं की खत दिल्यानंतरच्या आठवड्यात तो दुप्पट-तिप्पट व्हायचा आणि मी त्यालाच ग्रीन खूश झालं म्हणत होते. आता खत थोडं थोडं, फवाऱ्यातून देते, आणि बादलीचा आकडा चढायला लागला की पुढचा हप्ता पुढे ढकलते. वर्षाचं नत्र चौरस मीटरला २४ ग्रॅमवरून १५ ग्रॅमवर आणलं. माझ्या बेंटग्रासला ते मानवलं. तुमचं गवत, तुमच्याकडची वर्दळ वेगळी असेल तर आकडाही वेगळा निघेल.

मात्र उपाशी ठेवू नका. एक हंगाम मी उत्साहात फारच हात आखडला. चेंडूंचे खड्डे भरेनात, आणि मग अँथ्रॅक्नोज आला. नत्र कमी पडलेल्या बेंटग्रासवर आणि पोआवर (ग्रीनमध्ये आपोआप उगवणारं गवत) हा रोग चटकन धरतो.

पाण्याचंही तेच. सूक्ष्मजीव थर कुजवतात, पण त्यांना हवा मिळाली तरच. रोज संध्याकाळी सवयीने स्प्रिंकलर लावलं की वरचा थर कायम ओला राहतो, हवा जात नाही, कुजणं मंदावतं, आणि साठलेला थर पुन्हा जास्त पाणी धरतो. हा फेरा तोडायला ओलावा मोजणारं मीटर घ्या आणि कोरड्या डागांना हाताने नळीने पाणी द्या. ग्रीनवर सकाळची सावली धरणारी, वारा अडवणारी झाडं असतील तर त्यांच्या फांद्यांबद्दलही बोलावं लागतं. ते बोलणं गवतापेक्षा अवघड असतं.

वाळू

सगळ्यात मोठं काम वाळूचं आहे, त्यामुळे इथे थोडं थांबते.

हिशेब असा. १०० ग्रॅम नमुन्यात ८ ग्रॅम सेंद्रिय पदार्थ आहे, म्हणजे ८ टक्के. तो ६ टक्क्यांवर आणायचा तर ते ८ ग्रॅम १३३ ग्रॅममध्ये विखुरले पाहिजेत, म्हणजे ३३ ग्रॅम वाळू मिसळायला हवी. एका चौरस मीटरचा वरचा दोन सेंटिमीटरचा थर २० लिटरचा, वजन धरा २६ किलो. त्याला ८.७ किलो वाळू लागेल, म्हणजे साडेपाच मिलिमीटरचा थर. ५०० चौरस मीटरच्या ग्रीनला हे चार टनांच्या वर जातं. आणि या काळात गवत वाढायचं थांबलेलं नाही, ते आपली भर घालतच आहे. दोन टक्के मागे आणायला एवढी वाळू लागते हे एकदा कागदावर मांडलं की चुकवलेल्या हप्त्यांची किंमत कळते. सातव्या ग्रीनसाठी मी हा हिशेब पहिल्यांदा मांडला तेव्हा कागद उलटा करून ठेवला होता.

यूएसजीएचे पॅट ओब्रायन आणि ख्रिस हार्टविगर यांनी २००३ मध्ये जो कार्यक्रम सुचवला, त्यातली वर्षाची एकूण वाळू आपल्या मापात १२ ते १५ मिलिमीटर भरते. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, वजनाने साधारण १.६ किलो. माझ्या ग्रीन्सवरची वाढ आता कमी असल्याने मला याच्या खालच्या बाजूला भागतं. आकडा डोळे झाकून घेऊ नका, बादली आणि प्रयोगशाळा काय म्हणतात ते बघून ठरवा.

द्यायची कशी? वाढीच्या दिवसांत दर दहा-चौदा दिवसांनी, हलकी. अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून कमी. ब्रश फिरवल्यावर पानांत दिसेनाशी झाली तर मात्रा बरोबर. दोन दिवसांनीही पांढरट दिसत असेल तर जास्त झाली. वाढ मंदावली की वाळूही कमी करायची, वाढीशिवाय वाळू टाकत गेलात तर वर नुसत्या वाळूचा पट्टा तयार होतो आणि तो पुढे ठोकळ्यात दिसतो.

वाळू मूळ थरातल्या वाळूशी जुळणारी हवी. यूएसजीएच्या मापांत निदान ६० टक्के कण ०.२५ ते १ मिलिमीटरचे असतात. हलक्या हप्त्यांसाठी काहीजण अर्ध्या मिलिमीटरहून जाड कण चाळून काढलेली वाळू वापरतात. ती पानांत लगेच उतरते, पात्यांत अडकत नाही. पण फार बारीक, धुळीची वाळू घेतलीत तर तिचा थर पाणी धरून बसतो, आणि मग आपण बरं करायला निघालेलाच आजार आपल्या हाताने लावतो. एकदा स्वस्तात मिळाली म्हणून आम्ही न चाळलेली वाळू घेतली होती. मूठभर वाळू पाण्याच्या बरणीत हलवून ठेवली, तर दुसऱ्या दिवशीही वरचं पाणी गढूळ होतं. तो ढीग मी रस्त्यासाठी दिला. ही बरणीची चाचणी प्रत्येक खेपेला करा, प्रयोगशाळेच्या अहवालाची ती जागा घेत नाही पण ट्रक परत पाठवायला पुरते.

मोअरच्या पात्यांचं दुखणं खरं आहे. आधी कापायचं, मग वाळू, मग ब्रश, मग पाणी, आणि दुसऱ्या दिवशी कापणी नाही. तिसऱ्या दिवशी जुना, झिजलेला मोअर. चांगला त्यानंतर.

भोकं पाडणं

पोकळ टाइनने, म्हणजे भोकं पाडणाऱ्या यंत्राच्या नळीसारख्या दातांनी, कोअर (थराच्या कांड्या) काढले की थराचा तेवढा भाग खरोखर बाहेर येतो. पण किती, हे गुणाकार करून बघा. १२.५ मिलिमीटर व्यासाची टाइन, भोकांमधलं अंतर दोन्हीकडे ५ सेंटिमीटर: पृष्ठभागाचा ४.९ टक्के भाग निघाला. तीच टाइन ६ सेंटिमीटरवर लावली तर ३.४ टक्के. १६ मिलिमीटरची टाइन ५ सेंटिमीटरवर: ८ टक्के. ८ टक्के सेंद्रिय पदार्थ असलेल्या थराचा ४.९ टक्के भाग काढून तिथे वाळू भरली, तर शिल्लक राहतो साडेसातच्या आसपास. दोन आठवडे खेळ बिघडवून एवढंच. म्हणून ओब्रायन-हार्टविगर यांच्या कार्यक्रमात वर्षाला एकूण १५ ते २० टक्के पृष्ठभाग म्हटलं आहे, एका फेरीचं ते काम नाही.

भोकं भरायला लागणारी वाळूही मोजा. साडेसात सेंटिमीटर खोल, १२.५ मिलिमीटरचं भोक म्हणजे ९.२ मिलिलिटर, चौरस मीटरला ४०० भोकं, म्हणजे ३.७ लिटर. ५०० चौरस मीटरला जवळपास तीन टन. वाळू यापेक्षा कमी आणलीत तर भोकं अर्धी राहणार.

नेब्रास्का विद्यापीठात बेंटग्रासवर झालेल्या चाचण्यांत, वाळू सारखीच दिली तेव्हा पोकळ आणि भरीव टाइनमध्ये सेंद्रिय पदार्थाच्या बाबतीत फरक पडला नाही. मी ते वाचून भरीव टाइन जास्त वापरते: हवा जाते, पाणी उतरतं, कोअर उचलायचे कष्ट नाहीत. पण जिथे थॅच आधीच बसला आहे, खाली काळा पट्टा आहे, तिथे पोकळच घालते. तिथे मला जुनं बाहेर हवंय.

कामाचा दिवस निवडताना गवत जोमात असलं पाहिजे. बेंटग्रासला वसंतात आणि उन्हाळा उतरल्यावर, बर्म्युडाला ऐन गरम दिवसांत. उष्णतेने सुकलेल्या बेंटग्रासला कधीच भोकं पाडू नका. आधीच्या आठवड्यात थोडं नत्र द्या, भोकं भरून यायला ते लागतं. जमिनीखालचे पाइप आणि तारा कुठून जातात ते आधी पाहून स्प्रिंकलरजवळ झेंड्या लावा. टाइनची लांबी मोजा. झिजलेली टाइन मशीनवर लागलेली कोणाला कळत नाही, पण भोक दोन सेंटिमीटर उथळ होतं.

आणि वाळू कोरडी. हे मी फळ्यावर लिहून ठेवते. एका वर्षी ढग बघून घाई केली, दमट वाळू टाकली, वरून झाडून सपाट केली. ग्रीन सुंदर दिसत होतं. तीन आठवड्यांनी ठोकळा काढला तर प्रत्येक भोकाच्या तोंडाशी सेंटिमीटरभर वाळूचं बूच आणि खाली पोकळी. भोकं भरलीच नव्हती, नुसती झाकली होती. तेव्हापासून वाळू टाकून ती सुकू द्यायची, मग ब्रश उभा, आडवा, तिरका, आणि दर ग्रीनवर पाच-सहा भोकांत काडी घालून बघायची. काडी वाळूत न अडकता खाली गेली तर पुन्हा ब्रश. नंतर हलका रोलर, पाणी, आणि आठवडाभर कापण्याची उंची किंचित वर.

दरवर्षी एकाच खोलीवर टाइन मारत गेलात तर तिच्या टोकाशी घट्ट तळ बनतो. वर्षातून एकदा खोल भरीव टाइनने तो फोडायचा.

उभी पाती घालून थर कापण्याचं यंत्रही आहे. २ मिलिमीटरची पाती २५ मिलिमीटर अंतरावर म्हणजे ८ टक्के, ३ मिलिमीटरची म्हणजे १२ टक्के. भोकांपेक्षा जास्त माल निघतो. पण खोल चर भरून यायला वेळ लागतो आणि वळणावर गवताच्या पट्ट्याच उपटून येतात. मी ते फक्त सखल कोपऱ्यांत वापरलं आहे. वरवरचं, फुटवे छाटण्यापुरतं हलकं वर्टिकटिंग मात्र वाळू टाकण्याआधी चालतं. वाळूला आत शिरायला वाट मिळते.

बाटलीतल्या औषधांबद्दल विचारलं जातंच. थॅच खाणारे जिवाणू, साखरेची द्रावणं वगैरे. मी एका ग्रीनच्या अर्ध्या भागावर एक हंगाम एक द्रावण फवारलं आणि उरलेल्या अर्ध्यावर नुसतं पाणी. वर्षाच्या शेवटी दोन्हीकडच्या ठोकळ्यांत मला फरक सापडला नाही. लॅकेज या लिग्निन तोडणाऱ्या विकरावर जॉर्जिया विद्यापीठात काम झालं आहे आणि तिथल्या चाचण्यांत थॅच कमी झाला, पण माझ्या खर्चात अजून वाळूच बसते. तुम्हाला काही वापरून बघायचंच असेल तर अर्धं ग्रीन सोडून वापरा. पूर्ण ग्रीनवर फवारलंत तर काय झालं ते कधीच कळणार नाही.

नोंदवहीत माझे रकाने थोडेच आहेत: बादली, नत्र, वाळू किती लिटर, भोकांचा टक्का, आणि वर्षातून एकदा प्रयोगशाळेचे तीन आकडे. सातव्या ग्रीनचा वरचा आकडा तीन वर्षांत ८.९ वरून ६.४ वर आला. मोअर आता रुतत नाही. तो काळा पट्टा मात्र गेलेला नाही. वरून पडलेल्या वाळूमुळे तो साडेचार सेंटिमीटर खोलीवर गेला आहे, रंग काळ्याचा तपकिरी झाला आहे, वास राहिलेला नाही. परवाच्या ठोकळ्यात मुळं अजूनही तिथे आडवी वळताना दिसली, फक्त जुन्या भोकांच्या वाळूतून ती सरळ खाली उतरली होती. पुढच्या फेरीला तिथे टाइन दहा सेंटिमीटर घालणार आहे, अंतर चारवर आणून.